21 गोळ्या, 42 की 84? डोस हळूहळू वाढवायचा असतो तेव्हा चिठ्ठीत काय हवं

लॅमोट्रिजिन हे फिट्सवरचं औषध. बायपोलर आजारातही ते देतात. मोठ्या माणसाला ते नव्यानं सुरू केलं, तर पहिल्या चार आठवड्यांत 25 मिलिग्रॅमच्या 42 गोळ्या लागतात. तोच माणूस आधीपासून व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं दुसरं औषध घेत असेल, तर 21 पुरतात. व्हॅल्प्रोएट नाही, पण कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन (हीही फिट्सचीच औषधं) चालू आहे, असं असेल तर 84 लागतात. औषध तेच, गोळी तीच, दिवसही 28च.

हा हिशेब बघा. नेहमीच्या पद्धतीत पहिले दोन आठवडे रोज 25 मि.ग्रॅ. आणि पुढचे दोन आठवडे रोज 50 मि.ग्रॅ. देतात. 14 आणि 28 मिळून 42 झाल्या. व्हॅल्प्रोएट सोबत असलं की यकृत लॅमोट्रिजिनचा निचरा सावकाश करतं आणि ते शरीरात जवळपास दुप्पट वेळ टिकतं. म्हणून पहिले दोन आठवडे दिवसाआड 25 आणि नंतरचे दोन आठवडे रोज 25. 7 आणि 14, एकूण 21. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन ही औषधं यकृताला उलट घाई करायला लावतात. तिथे सुरुवातच रोज 50 ने होते आणि तिसऱ्या आठवड्यापासून रोज 100, सकाळ-रात्र विभागून. 28 आणि 56, एकूण 84.

मी फार्मासिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहणारा. चिठ्ठी लिहिणं माझं काम नाही, वाचणं माझं काम. पण डोस पायरीपायरीनं वाढवायचा असतो, तेव्हा लिहिणाऱ्यानं काय लिहिलं नाही हे वाचणाऱ्यालाच आधी कळतं. 'टॅब. लॅमोट्रिजिन 25, 0-0-1, पुढे वाढवणे' एवढीच ओळ समोर आली, तर 21 द्यायच्या, 42 की 84, हे त्या ओळीवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. (इथले आकडे समजुतीसाठी आहेत. त्यावरून कुणी स्वतःचा डोस ठरवू नये, हे वेगळं सांगायला नकोच.)

लॅमोट्रिजिनला एवढं जपायचं कारण त्वचेशी निगडित आहे. हे औषध घेणाऱ्या दहातल्या साधारण एकाला साधं पुरळ उठतं आणि जातं. पण थोड्या जणांत ते स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमपर्यंत जातं. ताप येतो, तोंडात आणि डोळ्यांत फोड येतात, कातडी सोलून निघते, जीव धोक्यात येतो. अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात गंभीर पुरळाचं प्रमाण मोठ्या माणसांत शेकडा 0.08 ते 0.3 आणि मुलांमध्ये शेकडा 0.3 ते 0.8 असं दिलंय. सगळ्यात वर, चौकटीत, ठळक. बहुतेक जीवघेणी पुरळं पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत उठतात. सुरुवात मोठ्या डोसनं केली, डोस भराभर वाढवला किंवा व्हॅल्प्रोएट सोबत असताना नेहमीचाच डोस दिला, तर धोका वाढतो. म्हणजे औषधाची जी वाईट बाजू आहे, तिच्यावर आपल्या हातात असलेला मुख्य उपाय एकच: चढण्याचा वेग. आणि हा वेग चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय घरापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे चिठ्ठीची एक सुंदर सोय आहे, 1-0-1. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ती समजते. तापाच्या पाच दिवसांच्या गोळ्यांना याहून चांगलं काही नाही. पण या तीन आकड्यांत दिवसाच्या वेळा बसतात, तारखा बसत नाहीत. मग डॉक्टर '0-0-1 × 2 आठवडे, नंतर 0-0-2' असं लिहितात. घरी दोन आठवडे कधी संपले हे कुणी मोजत नाही. औषध घेतलं गुरुवारी, सुरू केलं सोमवारी कारण मध्ये अमावास्या होती, त्यात दोन दिवस चुकले. आता दोन आठवडे कुठून धरायचे? अर्ध्या गोळीची तर वेगळीच कथा. घाईत लिहिलेलं 1/2 हे '1 किंवा 2' असं वाचलेलं मी पाहिलंय. अर्धी गोळी हवी असेल तर 'अर्धी' हा शब्दच लिहावा, दोन अक्षरांना काही फार शाई लागत नाही.

माझ्या मते चांगली चिठ्ठी अशी असते. रुग्ण मोठा आहे, फिट्सचं दुसरं औषध चालू नाही, 5 जानेवारीला सोमवारी सुरुवात करायची आहे, असं धरू:

टॅब. लॅमोट्रिजिन 25 मि.ग्रॅ. (याच ताकदीची गोळी द्यावी)
5 जानेवारी ते 18 जानेवारी: रोज रात्री 1 गोळी (25 मि.ग्रॅ.), 14 गोळ्या
19 जानेवारी ते 1 फेब्रुवारी: रोज रात्री 2 गोळ्या (50 मि.ग्रॅ.), 28 गोळ्या
एकूण 42 (बेचाळीस) गोळ्या
2 फेब्रुवारीला दाखवणे. भेट लांबली तर 2 गोळ्यांवरच थांबणे, स्वतःहून वाढवू नये.
पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल: पुढची गोळी घेऊ नये, त्याच दिवशी कळवणे.
सलग पाच दिवस गोळी चुकली तर विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.
व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन: चालू नाही.

लिहायला दोन मिनिटं जास्त लागतील. शंभर रुग्णांच्या ओपीडीत दोन मिनिटं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. म्हणून यातलं काय सोडलं तरी चालेल आणि काय नाही, ते सांगतो.

मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या, दोन्ही सोबत हवेतच. रुग्णाला 'दोन गोळ्या' लक्षात राहतात, मिलिग्रॅम राहत नाहीत. पाचव्या आठवड्यात रोज 100 मि.ग्रॅ. करायचे ठरले आणि सोयीसाठी 100 ची गोळी लिहिली, की घरात दोन आठवड्यांची सवय तशीच चालू राहते: रात्री दोन. म्हणजे 50 वरून थेट 200. हे टाळायचं तर ताकद बदलताना चिठ्ठीवर ठसठशीत लिहावं, 'नवीन गोळी वेगळी आहे, एकच घ्यायची', आणि जुन्या उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं तेही. मी स्वतः अशा वेळी जुनी स्ट्रिप दुकानात घेऊन यायला सांगतो. निम्मे लोक आणतात.

एकूण संख्या हा चिठ्ठीतला सगळ्यात दुर्लक्षित आकडा. खरं तर तो कायद्यानंच मागितलाय. 1945 च्या औषध नियमांत नियम 65 आहे. त्यानुसार चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, आणि औषध एकूण किती द्यायचं व डोस किती, हेही हवं. रोजच्या चिठ्ठ्यांत पत्ता नसतो आणि एकूण तर जवळपास कधीच नसतो. गोळ्या 'पंधरा दिवसांच्या द्या' अशा तोंडी हिशेबानं जातात. साध्या औषधाला ते खपून जातं. चढत्या डोसला ही एकूण संख्या म्हणजे उलटतपासणी असते. लिहिलंय रोज एक, पुढे दोन आणि एकूण 84, तर मला लगेच कळतं की काहीतरी जुळत नाही, फोन करावा. एकूण 21 लिहिलंय आणि रुग्ण म्हणतो, 'व्हॅल्प्रोएट? नाही हो, मी तसलं काही घेत नाही', तरी फोन करावा. दोन माणसांनी स्वतंत्रपणे केलेली बेरीज जुळली, तर चूक राहण्याची शक्यता फार कमी होते.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ, चालू नसलेल्या औषधांच्या. व्हॅल्प्रोएट हा शब्द रुग्णाला माहीत नसतो, त्याला 'एन्कोरेट' किंवा 'व्हॅल्पारिन' माहीत असतं. फेनिटॉइन म्हणजे त्याच्या लेखी 'एप्टॉइन', कार्बामाझेपिन म्हणजे 'टेग्रिटॉल'. आणि रिफॅम्पिसिन घेणारा तर म्हणतो, 'ते फिट्सचं नाही, ते टीबीचं आहे, सरकारी दवाखान्यातून मिळतं', आणि डॉक्टरांना सांगतच नाही. रिफॅम्पिसिनही लॅमोट्रिजिनचा निचरा वाढवतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायचा राहून जातो तो गर्भनिरोधक गोळ्यांचा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी साधारण निम्म्यावर येऊ शकते, आणि त्या गोळ्या बंद केल्या की ती पुन्हा चढते. अमेरिकेत या औषधाची सुरुवातीची पाकिटंच तीन रंगांत निघाली: व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांसाठी निळं, कार्बामाझेपिनसारखी औषधं घेणाऱ्यांसाठी हिरवं, यातलं काहीच न घेणाऱ्यांसाठी नारिंगी. गोळ्या आठवड्यांनुसार आधीच लावलेल्या. आपल्याकडे स्ट्रिप कात्रीनं कापून कागदी पुडीत देतात. कापताना पुष्कळदा औषधाचं नाव किंवा मुदतीची तारीख असलेली बाजू दुकानात राहते आणि रुग्णाकडे नुसती चांदी जाते. त्यामुळे आपल्या चिठ्ठीनं पाकिटाचंही काम करावं लागतं.

स्ट्रिप दहाची असेल, तर 42 साठी लोक पाच स्ट्रिप घेतात आणि 8 गोळ्या उरतात. रोज दोनच्या हिशेबानं ती चार दिवसांची शिल्लक. भेट 2 फेब्रुवारीला ठरली आणि डॉक्टर गावी गेले, तर ही शिल्लक कामाला येते. मात्र 'लांबली तर दोनवरच थांबा' ही ओळ लिहिलेली असेल तरच. नाहीतर तीच शिल्लक घरच्या घरी पुढची पायरी चढायला वापरली जाते.

चुकलेल्या दिवसांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि चिठ्ठ्यांत तो सगळ्यात कमी दिसतो. गावाला लग्नाला गेले, गोळ्या घरी राहिल्या. किंवा बरं वाटलं म्हणून आठवडाभर थांबले. परत आल्यावर माणूस जिथे सोडलं तिथूनच सुरू करतो, कारण त्याच्या हिशेबानं तो रोज 200 घेणारा माणूस आहे. शरीराच्या हिशेबानं मात्र तो पुन्हा कोरा झालेला असतो. औषध रक्तात निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. अशी पाच अर्धायुष्यं उलटली की औषध जवळपास संपलेलं असतं. लॅमोट्रिजिनचं अर्धायुष्य एकट्यानं घेतलं तर 25 ते 33 तासांच्या आसपास, म्हणजे पाच-सात दिवसांत पाटी पुसली जाते. कार्बामाझेपिन सोबत असेल तर त्याहून लवकर, व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर उशिरा. पाटी पुसली गेल्यावर नियम असा की पुन्हा पहिल्या पायरीपासूनच सुरुवात. क्लोझापिन नावाचं मानसिक आजाराचं औषध याहून कडक आहे. तिथे सलग दोन दिवस म्हणजे 48 तासांचा खंड पडला, तरी पुन्हा 12.5 मि.ग्रॅ.वर यावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. हे रुग्णाला तोंडी सांगून भागत नाही. सांगितलं तेव्हा तो गोळ्या चुकवणार नव्हताच ना.

लॅमोट्रिजिनवर एवढा वेळ घालवला, कारण तिथे चूक महागात पडते. पण हळूहळू चढण्याची कारणं औषधागणिक वेगळी असतात, आणि कारण बदललं की चिठ्ठीही बदलायला हवी.

हृदयाची ताकद कमी झालेल्या, पायावर सूज आणि दम लागणाऱ्या रुग्णांना आज बीटा-ब्लॉकर देतात. एकेकाळी याच रुग्णांना ते देणं म्हणजे घोडचूक मानली जायची, कारण हे औषध हृदयाचा जोर आणि वेग कमी करतं. 1975 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अवघ्या सात रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, की जपून दिलं तर रुग्ण सुधारतात. वैद्यकाला ते पटायला दोन दशकं गेली. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकरवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि दोन्हींत मृत्यूचं प्रमाण साधारण एकतृतीयांशानं घटलं. त्या दोन दशकांच्या वादातला कळीचा मुद्दा डोसच होता. याच गटातलं कार्व्हेडिलॉल आज 3.125 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा असं सुरू करतात. निदान दोन आठवड्यांनी 6.25, मग 12.5, मग 25. सगळं सुरळीत गेलं तरी वरच्या पायरीला पोहोचायला सहा आठवडे. हेच औषध घाईनं चढवलं तर रुग्ण दम लागून ॲडमिट होतो.

इथे तारखा लिहिणं पुरत नाही, उलट तारखांमुळे घोटाळा होऊ शकतो. पुढची पायरी कॅलेंडरवर ठरत नाही, रुग्णाच्या अवस्थेवर ठरते. नाडी किती, रक्तदाब किती, उठल्यावर चक्कर येते का, वजन वाढतंय का. म्हणून अशा चिठ्ठीत एकच पायरी लिहावी, आणि तिच्याखाली थांबायच्या खुणा: नाडी 50 च्या खाली, चक्कर, तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजनवाढ, तर वाढवू नये, कळवावं. काही डॉक्टर चारही पायऱ्या एकाच कागदावर लिहून देतात, रुग्णाचे हेलपाटे वाचावेत म्हणून. हेतू चांगला, पण कागदाला नाडी मोजता येत नाही. आणि सगळ्यांना शेवटची पायरी झेपत नाही. 12.5 वर रुग्ण ठीक असेल तर तोच त्याचा डोस. 'डॉक्टर, माझा डोस पूर्ण झाला नाही' अशी खंत करण्याचं कारण नाही.

इन्सुलिनचं उलट आहे. तिथे पायरी रुग्णानं स्वतः चढायची असते, म्हणून चिठ्ठीनं त्याला नियम द्यावा लागतो. ग्लार्जिनसारखं दिवसातून एकदा घ्यायचं इन्सुलिन बहुधा 10 युनिटनं सुरू करतात. सकाळची उपाशीपोटीची साखर ठरवलेल्या आकड्यात येईपर्यंत दर तीन दिवसांनी 2 युनिट वाढवायचे, साखर 70 च्या खाली गेली तर वाढवणं थांबवून कळवायचं, असा साधा नियम. यात लिहिण्याच्या दोन जागा घातक आहेत. पहिली, युनिटऐवजी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 होतात. पूर्ण शब्द लिहावा. दुसरी आपल्या देशातली खास अडचण. आपल्याकडे इन्सुलिन दर मिलिलिटरला 40 युनिटचं आणि 100 युनिटचं अशा दोन ताकदींत मिळतं आणि सिरिंजही दोन: लाल टोपीची 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. 100 ताकदीचं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात 25 युनिट जातात. डोस दोन-दोन युनिटांनी जपून वाढवायचा आणि सिरिंज बदलून एका फटक्यात अडीचपट द्यायचा, याला काय अर्थ? सिरिंज कोणती, तेही चिठ्ठीतच यायला हवं. पेन वापरणाऱ्यांना ही भानगड नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी 500 मि.ग्रॅ.पासून सुरू करून आठवड्या-आठवड्यानं वाढवतात ते पोटासाठी, जुलाब-मळमळ कमी व्हावी म्हणून. वजन आणि साखरेसाठी हल्ली गाजत असलेल्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचंही तसंच. आठवड्यातून एकदा 0.25 मि.ग्रॅ., चार आठवडे, मग 0.5. यातला 0.25 हा डोस उपचाराचा नाहीच, तो पोटाला सवय लावण्यापुरता. हे न सांगितल्यामुळे पहिल्या महिन्यात 'एवढे पैसे घालून काहीच फरक नाही' म्हणत लोक औषध सोडतात, किंवा स्वतःच दुप्पट घेतात आणि मग दिवसभर उलट्या. चिठ्ठीवर 'हा सवयीचा डोस आहे, परिणाम पुढच्या पायऱ्यांवर दिसेल' एवढं वाक्य असलं तर पुष्कळ रुग्ण टिकतील.

थायरॉइडच्या गोळीचं कारण आणखी निराळं. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. त्याआधी तपासून डोस हलवणं म्हणजे ढवळलेल्या पाण्यात तळ शोधणं. तरुण, ठणठणीत माणसाला इथे पूर्ण डोसनंही सुरुवात करता येते. म्हाताऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला मात्र 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासून, कारण एकदम डोस दिला तर हृदयावर ताण येतो. चिठ्ठीत इथे मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा. आणि घरात एक वेगळीच पंचाईत असते, बाटल्यांची. या गोळ्या शंभर-सव्वाशेच्या बाटलीत येतात. 50 ची बाटली अर्धी असताना डोस 75 झाला, की कपाटात दोन सारख्या बाटल्या उभ्या राहतात. काही बायका हिशोबीपणानं जुनी संपवूनच नवी उघडतात, आणि दोन महिन्यांनी टीएसएच तसाच निघतो. काही जणी दोन्ही घेतात.

कार्बामाझेपिनची तर गंमतच आहे. ते स्वतःचाच निचरा वाढवतं. पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत यकृत त्याला सरावतं आणि त्याच डोसवर रक्तातली पातळी हळूहळू उतरते. पहिल्या आठवड्यात गुंगी येणारा रुग्ण महिन्याभरानं त्याच गोळीवर पुन्हा फिट घेऊन येतो. औषध निकामी झालं असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात पुढची पायरी चढायची वेळ झालेली असते.

आता मेडिकलवर रोज दिसणारी गोष्ट: जुनी चिठ्ठी. नियम 65 मध्येच पुढे आहे की डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. प्रत्यक्षात लोक दोन वर्षांपूर्वीची, घड्यांवर फाटलेली, सेलोटेप लावलेली चिठ्ठी घेऊन येतात, आणि दुकानदार देतात. रक्तदाबाच्या ठरलेल्या गोळीला यात फारसं बिघडत नसेल. पण चढत्या डोसची पहिली चिठ्ठी पुन्हा वापरली, तर दोन गोष्टी होतात. एक, माणूस महिनोन्‌महिने पहिल्याच पायरीवर राहतो, 3.125 चं कार्व्हेडिलॉल वर्षभर घेणारे लोक मला भेटतात आणि आपलं हृदयाचं औषध चालू आहे म्हणून निश्चिंत असतात. दोन, पायऱ्या चढून पोहोचलेला माणूस जुन्या चिठ्ठीमुळे पुन्हा खाली उतरतो आणि त्याला फिट येते. दोन्हींवर उपाय एकच. चढत्या चिठ्ठीवर ती कधीपर्यंत चालेल ती तारीख घालावी, 'ही चिठ्ठी 1 फेब्रुवारीनंतर वापरू नये'. वरच्या पायरीला पोहोचल्यावर नवी, स्वच्छ, एका डोसची चिठ्ठी द्यावी आणि जुनीवर आडवी रेघ मारावी. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर तर ही रेघ फारच गरजेची असते, कारण लोक ते कार्ड लॅमिनेट करून ठेवतात. लॅमिनेट केलेला डोस कधी वाढत नाही.

पायऱ्या आता व्हॉट्सॲपवरही चढल्या जातात. 'डॉक्टर, 14 दिवस झाले, त्रास नाही, दोन करू का?' आणि उत्तरात एक अंगठा. माझी याला हरकत नाही, खेड्यातल्या माणसाचा पन्नास किलोमीटरचा खेप-खर्च वाचतो. फक्त त्या अंगठ्यावर मला गोळ्या देता येत नाहीत, आणि त्या कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाला, जो उद्या गोळ्या काढून देणार आहे, अंगठ्यातून काही कळत नाही. त्याऐवजी 'आजपासून रात्री 2 (50 मि.ग्रॅ.), 1 फेब्रुवारीपर्यंत' एवढं टाइप करावं आणि पुढच्या भेटीत तेच कागदावर उतरवावं.

उतरण्याचीही चिठ्ठी लिहावी लागते. लॅमोट्रिजिन थांबवायचं ठरलं, तर पुरळासारखं तातडीचं कारण नसेल तोवर निदान दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात, नाहीतर थांबवण्याच्या धक्क्यानंच फिट येऊ शकते. बीटा-ब्लॉकर एकदम सोडलं तर छातीत दुखणं उसळतं. कित्येक आठवडे घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकाएकी बंद केलं तर माणूस गळून जातो, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं. आणि लॅमोट्रिजिनसोबतचं व्हॅल्प्रोएट बंद झालं, की लॅमोट्रिजिनचा निचरा पुन्हा पूर्वीच्या वेगानं होतो, रक्तातली पातळी निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे एक औषध खाली जाताना दुसरं वर न्यायचं असतं. अशी चिठ्ठी आली, की मी दोन्ही औषधांच्या तारखा शेजारी-शेजारी मांडून बघतो, दोन्हींच्या गोळ्यांची बेरीज वेगवेगळी करतो, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या आकड्याशी ती जुळली की मगच स्ट्रिपला हात लावतो.